अंतर कोणाच्या वाट्याला

नोकरी मोठ्या शहरात आणि घर दीड तासावरच्या लहान शहरात, असा निर्णय घेतलेल्या कुटुंबांपैकी आमचं एक. ओळखीतलं कुणी असा विचार करायला लागलं की माझ्याकडे चौकशीला येतं, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती स्वस्त पडलं? मी सांगते. मग मी विचारते, तुमच्यापैकी रोज जाणार कोण आणि घरी राहणार कोण? जाणाऱ्याचं नाव लगेच येतं. राहणाऱ्याबद्दल मात्र बोलणंच झालेलं नसतं. तो किंवा ती घरीच असणार, मग त्यात विचार करण्यासारखं काय आहे, असा चेहरा होतो.

मला त्या घरी राहणाऱ्या माणसाबद्दल लिहायचं आहे. पण आधी स्वस्ताईकडे नीट बघायला हवं, कारण ती खोटी नाही.

व्याजाचा दर वर्षाला ८ टक्के आणि मुदत २० वर्षांची असेल, तर घेतलेल्या प्रत्येक शंभराचे परत करताना साधारण दोनशे होतात. पहिल्या हप्त्यातला जवळजवळ ८० टक्के भाग व्याजातच जातो. मुद्दल पहिली काही वर्षं फारसं हलतच नाही. म्हणून कर्ज कमी घेण्याचा फायदा दिसतो त्याहून मोठा असतो. समजा, मोठ्या शहरातल्या घरासाठी जेवढं कर्ज लागलं असतं त्याच्या निम्म्यात लहान शहरातलं घर येतंय. दर तोच ठेवा आणि हप्ताही मोठ्या कर्जाचाच, तेवढाच भरत राहा. हे निम्मं कर्ज साडेसहा वर्षांच्या आत फिटतं. दहा वर्षांतही नाही, साडेसहा वर्षांत. हे गणित मी पहिल्यांदा मांडलं तेव्हा माझाच विश्वास बसेना, म्हणून नवऱ्याला पुन्हा करायला लावलं. उत्तर तेच आलं. मुलगी शाळेत असतानाच आपण कर्जातून मोकळे होऊ शकतो, ही कल्पना आम्हाला या बाजूला झुकवणारी ठरली, आणि आजही त्या आकड्याची ताकद मला मान्य आहे. हप्त्याच्या भीतीने न पटणारी नोकरी धरून ठेवावी लागत नाही, याची किंमत ज्याने ती भीती भोगली आहे त्यालाच कळते.

मग प्रश्न असा, की हे घर स्वस्त का? बांधकाम करणाऱ्याने मेहरबानी केलेली नसते. योहान हाइनरिश फॉन थ्युनेन या जर्मन जमीनदाराने १८२६ साली शेतजमिनीबद्दल एक साधी गोष्ट मांडली होती: बाजारापर्यंत माल नेण्याचा खर्च जसा वाढतो, तसा त्या जमिनीतून मिळू शकणारा खंड, म्हणजे जमिनीचं भाडं, कमी होतो. पुढे १९६४ मध्ये विल्यम अलोन्सो या अभ्यासकाने हाच विचार शहरातल्या घरांना लावला. जागा आणि प्रवास यांची कुटुंब अदलाबदल करत असतं. केंद्रापासून जितकं दूर जाल तितकी जागा जास्त आणि येण्याजाण्याचा भार जास्त. म्हणजे दूरच्या घराच्या किमतीतून प्रवास आधीच वजा झालेला असतो. जाहिरातीत त्याला सवलत म्हणतात. खरं तर तो मोबदला आहे, रोजच्या अंतरासाठी आगाऊ मिळालेला. आणि मोबदला असेल तर पुढचा प्रश्न आपोआप येतो: अंतर सोसणार कोण आणि मोबदला कोणाच्या नावावर जमा होणार?

रेल्वे, घर आणि हप्ता यांची गाठ जुनी आहे. जपानमध्ये ओसाकाजवळ इचिझो कोबायाशी यांच्या कंपनीने १९१० मध्ये रेल्वेमार्ग सुरू केला आणि त्याच वर्षी इकेदा इथे मार्गालगत घरं बांधून ती हप्त्यांवर विकायला काढली. लंडनच्या मेट्रोपॉलिटन रेल्वेने १९१५ पासून आपल्या मार्गालगतच्या हिरव्या उपनगरांना ‘मेट्रो-लँड’ हे नाव देऊन त्यांचा प्रचार चालवला. जो तिकीट विकत होता त्यालाच घरंही विकायची होती. तेव्हापासून आजपर्यंत अशा घरांच्या चित्रात झाडं असतात, मोकळं आकाश असतं, अंगणात मूल असतं. संध्याकाळी साडेआठला दार उघडून आत येणारं माणूस त्या चित्रात कधी नसतं.

आता वेळेचं गणित. जाताना एक तास आणि येताना एक तास जास्त लागतो असं धरा. वर्षात कामाचे २३० दिवस धरले तर ४६० तास होतात. आठ तासांच्या दिवसाने मोजलं, तर वर्षाला सत्तावन्न-अठ्ठावन्न कामाचे दिवस. कर्ज साडेसहा वर्षांत फिटतं. अंतर फिटत नाही. ते नोकरी असेपर्यंत चालू राहतं, आणि त्याला मुदतपूर्व परतफेडीची सोय नाही.

इटालियन शास्त्रज्ञ चेझारे मार्केट्टी यांनी १९९४ मध्ये, याकोव्ह झहावी यांच्या आधीच्या अभ्यासाचा आधार घेत, असं मांडलं की माणूस दिवसाला सरासरी तासभर प्रवासाला देतो, आणि हा तास फार बदलत नाही. वाहनं वेगवान झाली की माणसं वेळ वाचवत नाहीत, आणखी लांब राहायला जातात. नव्या जलद मार्गाची घोषणा झाली की त्या टोकाच्या जमिनीचे भाव का वाढतात हे यावरून कळतं. पण माझं लक्ष दुसऱ्या गोष्टीकडे गेलं. दोन्ही वेळचा मिळून तासभर, ही जर माणसांची सहज मर्यादा असेल, तर आम्ही दीड तासावर घर घेणारे रोज ती तिपटीने ओलांडतो. ओलांडता येते, यात शंका नाही. लाखो माणसं ओलांडतात. पण ते सहज आहे असं स्वतःला सांगू नये.

ब्रुनो फ्रे आणि अलोइस श्टुट्झर या स्वित्झर्लंडमधल्या दोन अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या कुटुंबांची अनेक वर्षांची माहिती तपासली. त्यांचा प्रश्न सरळ होता. लांबचा प्रवास करणाऱ्याला स्वस्त घर किंवा चांगला पगार मिळून भरपाई होत असेल, तर तो जवळ राहणाऱ्याइतकाच समाधानी असायला हवा. तसं आढळलं नाही. प्रवासाचा वेळ वाढतो तसं समाधान कमी होत जातं. भरपाई पूर्ण होत नाही. त्याचं एक कारण मला अनुभवाने पटलं आहे. मोठं घर पहिल्या वर्षी रोज मोठं वाटतं; नंतर ते फक्त घर असतं. प्रवास मात्र रोज नव्याने करावा लागतो, आणि आज काय होईल हे आज सकाळीच कळतं.

तरीही सगळे दीड तास सारखे नसतात, आणि घर घेणाऱ्यांनी हे आधी तपासावं असं मला मनापासून वाटतं. न्यू जर्सीहून मॅनहॅटनला रेल्वेने जाणाऱ्यांवर गॅरी एव्हान्स आणि रिचर्ड वेनर यांनी काही अभ्यास केले. लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाच्या वेळी वाढणारं संप्रेरक, त्यांनी मोजलं. प्रवास लांबला की ताण वाढतो हे दिसलंच. पण प्रवास बेभरवशाचा वाटला की ताण आणखी असतो, हेही दिसलं. १९९६ मध्ये तिथल्या काही मार्गांवर गाडी न बदलता थेट मॅनहॅटनला पोचण्याची सोय झाली, तेव्हा त्या गाडीने जाणाऱ्यांचा ताण कमी झाल्याचं आढळलं. घराच्या जाहिरातीत स्टेशनपासूनचं अंतर मिनिटांत लिहिलेलं असतं. गाडी किती वेळा बदलावी लागते, मधली गाडी चुकली तर पुढची किती वेळाने आहे, रात्रीची शेवटची कितीला सुटते, हे त्यात नसतं. थेट गाडीचा दीड तास आणि दोनदा बदलून होणारा सव्वा तास यांतून निवडायचं झालं तर मी डोळे मिटून दीड तास घेईन. त्यात निदान पुस्तक उघडता येतं, डोळा लागू देता येतो.

म्हणून माझा सल्ला एकच असतो आणि तो मी ठामपणे देते: आधी त्या शहरात भाड्याने राहा. घर बघायला सुट्टीच्या दिवशी, ऊन कोवळं असताना, स्वतःच्या गाडीने जातात, आणि सुट्टीच्या दिवशी कुठलंही शहर जवळच असतं. भाड्याने राहिलं की कामाच्या दिवसाची सकाळ कळते, वाईट हवामानातली कळते, ताप असतानाची कळते. काही महिन्यांच्या भाड्याचे पैसे वाया गेले असं वाटेल. वीस वर्षांच्या कागदावर सही करण्याआधी एवढी चाचणी मला महाग वाटत नाही. आम्ही तसंच केलं. कुठला फलाट, कुठला डबा, हे मला त्या महिन्यांत कळलं. घरी राहणाऱ्यांचं काय होतं हेही तेव्हाच थोडं दिसायला लागलं.

आमच्या घरात जाणारी मी आहे. माझ्या नवऱ्याने लहान शहरातच काम शोधलं. पगार कमी, पण घरापासून चालत जाण्याइतकं जवळ. दोघांपैकी एकाने मुलीच्या शाळेच्या जवळपास असायला हवं, यावर आमचं पहिल्यापासून एकमत होतं. आणि माझी आई आमच्याबरोबर आली.

मी दमून येते हे सगळ्यांना दिसतं. रात्री माझी बॅग दारातच कुणीतरी हातातून घेतं. माझ्या प्रवासाचं कौतुक होतं, काळजी होते, नातेवाईक फोनवर आधी त्याचीच विचारपूस करतात. नवऱ्याच्या दिवसातलं अंतर मात्र कुणाला दिसत नाही, कारण तो कुठे गेलेलाच नसतो. शाळेतून फोन आला की तो उठतो, कारण मी दीड तासावर असते. आईला डॉक्टरकडे न्यायचं असलं की तोच. गॅस दुरुस्त करणारा अकरा ते चारमध्ये कधीही येईल असं म्हणतो, तेव्हा त्या पाच तासांची वाट तोच बघतो. एकदा मी सहज म्हणाले, “तुझं बरं आहे, तुझा प्रवास वाचला.” तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, “वाचला नाही गं. तो मी घरात करतो.”

त्या रात्री आम्ही कागद घेऊन बसलो. घराच्या हिशोबात आम्ही कर्ज धरलं होतं, माझा पास धरला होता, स्टेशनपर्यंतचं भाडं धरलं होतं. शिकागोमधली सेंटर फॉर नेबरहुड टेक्नॉलॉजी ही संस्था याचीच शिफारस करते: घराची परवड एकट्या घरखर्चावरून ठरवू नका, त्यात प्रवासखर्च मिळवा, आणि दोन्ही मिळून उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांच्या आत राहतात का ते पाहा. बहुतेक घरांत एवढाही हिशोब होत नाही, म्हणून तो उपयोगाचा आहेच. पण त्यातही एक रकाना राहून जातो. घराजवळ राहण्यासाठी दुसऱ्या माणसाने जो पगार सोडला, जी बढती नाकारली, जे काम हळूहळू अर्धवेळ करून घेतलं, तो खर्च कुठेच लिहिला जात नाही. आम्ही नवऱ्याच्या आधीच्या आणि आताच्या पगारातला फरक त्या कागदावर लिहिला. घर तरीही परवडणारंच निघालं, पण स्वस्ताईतला बराच मोठा तुकडा त्याच्या खिशातून आलेला होता. हे कागदावर दिसणं मला फार महत्त्वाचं वाटतं. मोबदला दोघांच्या नावावर आहे हे त्यामुळे आमच्या घरात नुसत्या बोलण्यापुरतं राहिलं नाही.

आमच्याकडे भूमिका उलट्या आहेत म्हणून कदाचित ते लवकर दिसलं. सगळीकडे सहसा असं नसतं. स्वीडनमधल्या उमिओ विद्यापीठाच्या एरिका सँडो यांनी तिथल्या जोडप्यांच्या मोठ्या नोंदींचा अभ्यास केला. पाऊण तासाहून लांब प्रवास करणाऱ्यांत पुरुष जास्त. त्यांचं उत्पन्न वाढतं, संधी वाढतात. घराजवळ राहणारी जोडीदार, बहुधा स्त्री, घर आणि मुलांचा अधिक भार उचलते आणि अनेकदा कमी पगाराच्या किंवा अर्धवेळ कामाकडे वळते. लांबचा प्रवास करणाऱ्यांमध्ये विभक्त होण्याचा धोका इतरांपेक्षा ४० टक्क्यांनी जास्त आढळला, आणि तो पहिल्या काही वर्षांत सर्वाधिक होता. पाचएक वर्षं निभावलेल्यांत तो उतरत गेला. हे वाचून मला भीती वाटली नाही, उलट एक गोष्ट स्वच्छ झाली. पहिली वर्षं कठीण असतात याचं कारण कामांची नवी वाटणी झालेली असते आणि तिच्याबद्दल कुणी बोललेलं नसतं. जुन्या घरात संध्याकाळी सहाला घरी येणारं माणूस जी कामं करत होतं, ती नव्या घरात कुणालातरी आपोआप जाऊन चिकटतात. ज्याला चिकटतात तो पहिले काही महिने समजूतदारपणे करतो, मग थकतो, आणि तोपर्यंत ती त्याचीच झालेली असतात.

आईचं अंतर आणखी वेगळं. तिला कुठे जायचंच नव्हतं. जुन्या वस्तीत तिचं जग पायी फिरण्याइतकं होतं: खालच्या मजल्यावरची मैत्रीण, ओळखीचे डॉक्टर, संध्याकाळचा बाक. तासांत मोजलं तर ती दीड तास लांब गेली. तिच्या वयाला ओळखी तासांत मोजत नाहीत. त्या एकतर चालत जाण्याइतक्या असतात, नाहीतर फोनवर असतात. नवी इमारत शहराच्या कडेला, सगळे तरुण, सगळे सकाळी बाहेर पडणारे. “अगं, दुपारी या इमारतीत मी आणि वॉचमन, दोघंच असतो,” असं ती मला एकदा म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता, तिच्या दिवसाची माहिती होती. घर निवडताना आम्ही तिची खोली निवडली होती, उजेड पाहिला होता, लिफ्ट पाहिली होती. दुपारी तीन वाजता त्या रस्त्यावर किती माणसं असतात, हेही बघायचं असतं. आता कुणाबरोबर घर बघायला गेले तर मी कामाच्या दिवशी दुपारीच जाते.

अशा इमारतींचं शहर हे नुसतं झोपण्याचं ठिकाण होऊन बसतं. जाणाऱ्याला तिथला नगरसेवक ठाऊक नसतो, वाचनालय ठाऊक नसतं, पाणी कुठून येतं ते ठाऊक नसतं. त्याच्या रागाचा आणि प्रेमाचा विषय अजून मोठं शहरच असतं. मी स्वतः पहिली काही वर्षं बातम्या तिकडच्याच वाचत होते. पण घरातल्या बाकीच्यांचं पाणी, रस्ता, दवाखाना इथला आहे. त्यामुळे मतदार यादीत नाव इथे बदलून घेणं, सुट्टीचा निदान एक दिवस या शहरात घालवणं, इथल्या चार घरांशी येणंजाणं ठेवणं, हे मला आता कर्जाच्या हप्त्याइतकंच अनिवार्य वाटतं. लहान शहरं आपल्याला जागा देतात. दिवसभर ती रिकामी ठेवून रात्री झोपायला येणाऱ्यांनी, आपण त्या शहराचं काही देणं लागतो, हे मानायला हवं.

घरून काम करण्याबद्दलही लोक विचारतात. २०२० नंतर अनेकांनी लांबची घरं त्याच भरवशावर घेतली. आठवड्यातले दोन दिवस घरून काम असेल तर वरचं सगळं गणित खरंच बदलतं, ४६० तासांचे पावणेतीनशे होतात. पण कर्जाचा करार वीस वर्षांचा असतो आणि कार्यालयाचा नियम एका ईमेलने बदलतो. म्हणून रोज जावं लागलं तरी झेपेल असंच घर बघावं, आणि घरून काम मिळालं तर ती वरची कमाई समजावी. पुनर्विक्रीचंही थोडं तसंच: मंदी आली की कडेच्या घरांना गिऱ्हाईक आधी कमी होतं. तेव्हा लवकर विकून निघू, या हिशोबाने असं घर घेऊ नये.

कुणी सरळ विचारलं, घ्यावं की न घ्यावं, तर मी घ्या म्हणते, एका अटीवर. अंतिम शब्द घरी राहणाऱ्या माणसाचा असावा. जाणाऱ्याला आपलं अंतर ठाऊक असतं, त्याच्याकडे वेळापत्रक असतं, दोन्ही टोकांना दिवसभराची माणसं असतात. राहणाऱ्याचं अंतर घरात, रस्त्यावर, शेजारात पसरलेलं असतं आणि त्याला ते आधी बघता यायला हवं. एकट्याने, कामाच्या दिवशी, हवा तेवढा वेळ घेऊन.

आमच्याकडे सध्या एक नवा विचार चालला आहे. कर्ज बरंच उतरलं आहे. गावाच्या जुन्या भागात, बाजाराजवळ, एक जुनं घर विकायला आहे. आमच्या घरापेक्षा दोन खोल्यांनी लहान, स्टेशनपासून मला दहा मिनिटं जास्त. खाली दुकानं, समोर दवाखाना, बाजूला एक छोटी बाग, आणि दुपारी तिथे माणसं असतात. नवऱ्याचं ऑफिस तिथूनही चालत जाण्याइतकंच. मी एकदाच बघून आले आहे. आई तीनदा जाऊन आली, त्यातल्या दोनदा एकटीच, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंचं नाव तिने मला सांगितलं. पुढच्या आठवड्यात मालकांशी भाड्याने देण्याबद्दल बोलायचं आहे, सहा महिन्यांसाठी.